पाण्यात हायड्रोजन दोनच कशावरून?

रेडिओवर बोलणाऱ्याजवळ फळा नसतो. शाळेत विज्ञानाचा तास सुरू झाला की सर पाठमोरे व्हायचे, फळ्यावर एच लिहायचे, त्याच्या पायाशी बारीक दोन काढायचे आणि पुढे ओ. झालं पाणी! आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो. नववीत असताना मी एकदा हात वर केला आणि विचारलं, ‘‘सर, हायड्रोजन दोनच कशावरून?’’ सर म्हणाले, ‘‘पुस्तकात आहे म्हणून.’’ वर्ग हसला. मीही हसलो आणि खाली बसलो. पुढे कला शाखेकडे गेलो, बी. ए. झालो, कविता लिहू लागलो. त्या दोनावाचून माझं काही अडलं नाही.

अडलं ते अलीकडे. धाकटी मुलगी आठवीत होती. एका रात्री वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘अब्बा, अणू डोळ्यांना दिसत नाही ना? मग पाण्यात ते दोन आहेत हे मोजलं कुणी?’’ ‘पुस्तकात आहे म्हणून’ हे उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि वाचायला बसलो. वाचता वाचता कळलं, की हा प्रश्न काही माझ्यासारख्या बाकावरच्या पोरांनाच पडला नव्हता. युरोपातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात जवळजवळ पन्नास वर्षं याच दोनावर अडून बसले होते. उत्तर छापून तयार होतं आणि कुणी ते वाचायला तयार नव्हतं.

कवीनं रसायनशास्त्रात कशाला डोकावावं, असं कुणी म्हणेल. त्याला एवढंच सांगतो, की हे भांडण जेवढं तराजूचं होतं तेवढंच शब्दांचंही होतं. आणि मराठीत ज्याला आपण ‘किमया’ म्हणतो तो शब्द अरबीतून आला आहे. इंग्रजीतली ‘केमिस्ट्री’ही त्याच घराण्यातली. तेव्हा शब्दांवर जगणाऱ्या माणसाचा या घरात थोडाफार हक्क पोचतो.

आधी पाण्याकडे वळू. दोन हजार वर्षांहून अधिक काळ पाणी हे मूळ तत्त्व मानलं जात होतं. आपल्याकडे पंचमहाभूतांत आप आहे. ग्रीकांच्या चार तत्त्वांत पाणी आहे. आमच्या घरात उर्दू बोलणारी वडीलधारी मंडळी ‘अनासिर’ म्हणायची, म्हणजे आग, हवा, पाणी आणि माती. ‘उन्सुर’चं ते अनेकवचन, आणि उर्दू शाळेत आजही मूलद्रव्याला ‘उन्सुर’च म्हणतात. या चौघांतलं पाणी १७८०च्या दशकात फुटलं. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यानं एक जळणारा वायू हवेत पेटवला, तर भांड्याच्या काचेवर दव जमलं. ते निव्वळ पाणी होतं. पॅरिसमध्ये आंत्वान लव्हाझिए यानं त्याचा अर्थ लावला: पाणी मूलद्रव्य नाही, ते दोन मूलद्रव्यांचं मिळून बनलेलं आहे. त्यातल्या एकाचं नावच त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘पाणी निर्माण करणारा’ या अर्थाचं ठेवलं, हायड्रोजन.

लव्हाझिएनं १७८९ साली मूलद्रव्याची व्याख्या केली ती मला फार आवडते, कारण तिच्यात बढाई नाही. पदार्थाचं विघटन करत करत जिथे आपला हात थांबतो, तिथे जे उरतं ते मूलद्रव्य. उद्या कुणी त्याचेही तुकडे केले, तर ते यादीतून जाईल. त्याच्या यादीत ३३ नावं होती आणि त्यांत प्रकाश आणि उष्णताही होत्या. त्या पुढे गळाल्या. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली लव्हाझिएचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. कर वसूल करणाऱ्या कंपनीतली भागीदारी त्याला भोवली.

म्हणजे पाण्यात दोन मूलद्रव्यं आहेत हे ठरलं. १८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी नुकत्याच निघालेल्या विजेच्या बॅटरीच्या तारा पाण्यात सोडल्या. दोन तारांवर दोन वायूंचे बुडबुडे आले. हायड्रोजन जागेनं साधारण दुप्पट, ऑक्सिजन एकपट. हा प्रयोग आजही शाळेत दोन उपड्या परीक्षानळ्या लावून करतात. मुलांना वाटतं, झालं की सिद्ध! एक नळी दुप्पट भरली, म्हणजे हायड्रोजनचे अणू दुप्पट. मलाही तसंच वाटलं होतं. पण थोडं थांबून पाहा. दुप्पट जागा व्यापली म्हणजे संख्याही दुप्पट, हे कुणी सांगितलं? एका पाटीत शंभर लिंबं मावतात आणि तेवढ्याच पाटीत दहा नारळ. जागेवरून संख्या काढायची, तर दोन्ही पाट्यांत नग सारखे आहेत याची आधी खात्री हवी. आणि अणूंच्या बाबतीत ती खात्री कुणाकडेच नव्हती.

आता येतो जॉन डाल्टन. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या विणकराचा मुलगा. बाराव्या वर्षीच गावच्या शाळेत शिकवू लागला. पुढे मँचेस्टरला गेला आणि शिकवण्या करून जगला. त्याला काही रंगांतला फरक कळत नसे आणि त्यानं स्वतःच्याच या दोषावर १७९४ साली निबंध वाचला. हवामानाची रोजनिशी त्यानं सत्तावन्न वर्षं लिहिली. १८४४ साली वारला त्याच्या आदल्या दिवसाचीही नोंद तिच्यात आहे. अशा काटेकोर माणसानं सांगितलं, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे असतात, निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या अणूंचं वजन निरनिराळं असतं, आणि संयुग बनतं ते पूर्ण अणू पूर्ण अणूंशी जोडले जाऊन. अर्धा अणू, पाव अणू असला प्रकार नाही. १८०८ साली त्याचा ग्रंथ निघाला. त्यात अणूंची चित्रं आहेत. गोल वर्तुळ म्हणजे ऑक्सिजन, मध्ये ठिपका असलेलं म्हणजे हायड्रोजन, काळं भरलेलं म्हणजे कार्बन. लहान मुलांच्या सागरगोट्यांसारखा तो खेळ दिसतो.

डाल्टनचं मोठेपण हे, की अणू ही कल्पना कणादापासून आणि ग्रीकांपासून चालत आलेली असली तरी तिला वजन त्यानं दिलं. अणू तराजूत घालता येत नाही, पण दोन अणूंच्या वजनांचं प्रमाण काढता येतं, हे त्याला सुचलं. ते कसं? आजच्या आकड्यांत सांगतो. नऊ ग्रॅम पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजन आणि आठ ग्रॅम ऑक्सिजन असतो. पाण्यात दोघांचा एकेकच अणू असेल, तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड. पण हायड्रोजनचे दोन अणू असतील, तर सोळापट! (डाल्टनच्या मोजमापात आठाऐवजी सात आले होते, तो तपशील बाजूला ठेवू.) सगळा हिशेब एका गोष्टीवर येऊन थांबला: पाण्यात अणू किती? आणि ती गोष्ट डाल्टनला माहीत नव्हती.

मग त्यानं काय केलं? धरून चालला. दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल, तर ते सगळ्यांत साधं, म्हणजे एकास एक समजावं, असा त्यानं नियम केला. पाणी म्हणजे एच-ओ. अमोनिया म्हणजे एक नायट्रोजन आणि एक हायड्रोजन. माझ्या सरांचं ‘पुस्तकात आहे म्हणून’ आणि डाल्टनचं ‘साधं आहे म्हणून’ यांत मला फार फरक दिसत नाही. पण डाल्टनवर राग धरवत नाही. कुठून तरी सुरुवात करायची होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक यानं एक निबंध वाचला. वायू एकमेकांशी संयोग पावतात ते जागेच्या अगदी सोप्या प्रमाणात, हे त्याचं म्हणणं. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन घेतला तर दोन लिटर वाफ होते. एक लिटर हायड्रोजन आणि एक लिटर क्लोरीन घेतला, तर हायड्रोजन क्लोराइड वायू दोन लिटर. खरं तर डाल्टनला आनंद व्हायला हवा होता. अणू मोजून जोडले जातात, तसेच लिटरही मोजून जोडले जातात. दोघांचं सूत जुळतंय. पण डाल्टननं हे मानलंच नाही. गे-ल्युसॅकची मोजमापं चुकीची आहेत, असं तो म्हणत राहिला.

हा हट्ट वाटतो, पण त्याला कारण होतं आणि ते कारण भक्कम होतं. सारख्या जागेत सारखे कण, असं मानलं की काय होतं पाहा. एक लिटर ऑक्सिजनपासून दोन लिटर वाफ होते. म्हणजे ऑक्सिजनच्या एका कणापासून वाफेचे दोन कण. आणि वाफेच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन तर हवाच. मग ऑक्सिजनचा अणू मधोमध चिरला का? जो चिरता येत नाही तो अणू, हीच तर डाल्टनची प्रतिज्ञा! दुसरी गंमत म्हणजे वाफ ऑक्सिजनपेक्षा हलकी असते. ऑक्सिजनच्या कणाला हायड्रोजन चिकटून वाफ झाली, तर तिचा कण जड व्हायला हवा. जड कण आणि हलकी वाफ, हे कसं जमणार?

इथे तुरीनचा एक वकील या कथेत येतो. आमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रो. घराण्यात वकिलीची परंपरा. यानंही विसाव्या वर्षी धर्मसंस्थेच्या कायद्यातली पदवी घेतली. मग मन भौतिकशास्त्राकडे वळलं आणि तो व्हर्चेल्ली नावाच्या लहान गावात शिकवू लागला. तिथून १८११ साली त्यानं फ्रेंच नियतकालिकात एक निबंध छापला. तापमान आणि दाब सारखा असेल, तर सारख्या जागेतल्या कोणत्याही वायूत कणांची संख्या सारखीच असते, हे त्याचं पहिलं विधान. दुसरं त्याहून धीट. हे कण म्हणजे अणू नव्हेत. ऑक्सिजन वायूचा कण म्हणजे जोडी आहे. हायड्रोजनचाही. संयोगाच्या वेळी ही जोडी फुटते.

मुलीला हे समजावताना मी चपलांचं दुकान मांडलं. रेडिओवर तेच मांडतो. सारख्या मापाची खोकी आहेत. दोन खोकी काळ्या चपलांची, एक खोकं तांबड्या चपलांचं. सगळी उघडली, माल पुन्हा भरला आणि शेवटी दोनच खोकी तयार झाली, दोन्ही अगदी एकसारखी. दोन्हींत तांबडी चप्पल आहे. आता मला सांगा, तांबड्या खोक्यात एकच चप्पल असती तर ती दोन खोक्यांत गेली कशी? म्हणजे तिथे नग नव्हता, जोड होता. तसंच काळ्यांचं. एक खोकं काळ्यांचं आणि एक खोकं हिरव्यांचं घेऊन दोन सारखी खोकी भरतात, हे हायड्रोजन आणि क्लोरीनचं उदाहरण झालं. म्हणजे काळ्या खोक्यातही जोडच होता. आता पहिल्या हिशेबाकडे परत या. काळे दोन जोड म्हणजे चार नग, तांबडा एक जोड म्हणजे दोन नग. दोन खोक्यांत वाटले की प्रत्येकात दोन काळे, एक तांबडा. एच-टू-ओ!

मुलगी म्हणाली, ‘‘एवढं सोपं?’’ हो, एवढं सोपं. चप्पल चिरावी लागली नाही, फक्त जोड मोडला. आणि वाफ हलकी का, तेही सुटलं. तिच्या कणात तांबडी चप्पल एकच आहे, ऑक्सिजनच्या कणात दोन.

तरीही हे कुणी ऐकलं नाही. १८१४ साली फ्रान्समध्ये अँपिअरनं जवळजवळ हेच स्वतंत्रपणे मांडलं, त्याचंही तेच झालं. कारणं बरीच होती. अ‍ॅव्होगॅड्रो प्रयोग करणारा नव्हता, पॅरिस-लंडनच्या वर्तुळातला नव्हता. १८२० साली तुरीन विद्यापीठात त्याला प्राध्यापकपद मिळालं आणि पुढच्या वर्षीच्या राजकीय उठावानंतर ते पदच बंद झालं; पुन्हा मिळायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. पण मोठा अडसर स्टॉकहोमला बसला होता. त्या काळी बर्झेलियसचा शब्द म्हणजे रसायनशास्त्रातला शेवटचा शब्द. मूलद्रव्यांना अक्षरांची चिन्हं दिली ती यानंच. त्याच्या मते अणू एकमेकांना धरतात ते विजेमुळे, एक धन आणि दुसरा ऋण असतो म्हणून. मग ऑक्सिजनचा अणू ऑक्सिजनच्याच अणूला का धरेल? सारख्याला सारखं चिकटत नाही. नवल म्हणजे पाण्यात हायड्रोजन दोन, हे बर्झेलियस वायूंच्या जागेवरून मानत होता. पण जोडी त्याला मंजूर नव्हती. उत्तर बरोबर आणि रीत अमान्य, असा मामला.

भर म्हणून पॅरिसच्या द्युमानं वाफांची घनता मोजायला घेतली आणि विचित्र आकडे आले. गंधकाची वाफ अपेक्षेच्या तिप्पट जड, फॉस्फरसची दुप्पट, पाऱ्याची निम्मी. आज आपल्याला कारण माहीत आहे. सगळी दुकानं जोडानंच विकत नाहीत. पाऱ्याच्या वाफेत अणू एकेकटे असतात, फॉस्फरसचे चार-चार एकत्र, गंधकाचे त्या तापमानाला सहा-सात-आठ. द्युमा इतका वैतागला, की आपल्या हाती असतं तर विज्ञानातून ‘अणू’ हा शब्दच पुसून टाकला असता, अशा अर्थाचं तो बोलून गेला.

शब्द पुसायची गरज नव्हती, एक शब्द कमी पडत होता. डाल्टन पाण्याच्या कणालाही अणूच म्हणायचा, ‘संयुक्त अणू’. अ‍ॅव्होगॅड्रोनं उलट केलं. त्यानं सगळ्यालाच ‘मोलेक्यूल’ म्हटलं, फक्त मागे निरनिराळी विशेषणं लावली. नग आणि जोड यांना एकच नाव असलं की दुकानदाराची बाकी कधी जुळायची?

आपल्या भाषांतही याचा एक पडसाद आहे. मराठीत एकटा तो अणू आणि अणूंचा मिळून झालेला तो रेणू. हिंदीत एकट्याला म्हणतात परमाणु, आणि ज्याला आपण रेणू म्हणतो तो हिंदीत अणु! म्हणून भाभा केंद्राला हिंदीत परमाणु अनुसंधान केंद्र आणि मराठी वर्तमानपत्रांत अणुसंशोधन केंद्र म्हणतात. हिंदी वाहिनीवरचा विज्ञानाचा कार्यक्रम पाहून मुलगी गोंधळली ती यामुळेच. संतांच्या वाणीत अणू आणि रेणू जोडीनं येतात, पण तिथे दोन्हींचा अर्थ अतिशय बारीक कण एवढाच. रसायनशास्त्रानं दोघांना निरनिराळी कामं वाटून दिली. उर्दूत अणू म्हणजे ‘जौहर’, आणि रेणू म्हणजे ‘सालिमा’. ‘सालिम’ म्हणजे अखंड, साबूत. अणू एकेकटे काहीही असोत, पाणी म्हणून जे साबूत आहे तो रेणू. पाण्याचा सगळ्यांत लहान तुकडा कोणता, याचं उत्तर त्या एका शब्दात आहे. हा शब्द मला फार उमदा वाटतो.

१८५०च्या सुमाराला परिस्थिती अशी होती, की काही जण ऑक्सिजन आठ धरत आणि पाणी एच-ओ लिहीत. काही जण सोळा धरत आणि एच-टू-ओ लिहीत. कार्बन कुणाचा सहा, कुणाचा बारा. केकुलेनं १८६१च्या आपल्या ग्रंथात व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लाची प्रचलित सूत्रं एकत्र छापली, ती एकोणीस भरली. एक आम्ल, एकोणीस सूत्रं! विद्यार्थ्यांनी काय पाठ करावं? फ्रान्समध्ये गेरहार्ट आणि लोराँ या दोघांनी हा गुंता सोडवायचा पुष्कळ प्रयत्न केला. दोघेही तरुणपणीच गेले. गेरहार्ट १८५६च्या ऑगस्टमध्ये वारला. अ‍ॅव्होगॅड्रो त्याच वर्षी ९ जुलैला गेला, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर. त्याचा निबंध छापून तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती.

शेवटी केकुले, वुर्ट्झ आणि वेल्टझीन या तिघांनी पत्रं धाडून जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी परिषद बोलावली. ३ ते ५ सप्टेंबर १८६०. रसायनशास्त्रज्ञांची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. सव्वाशेहून अधिक लोक जमले. विषय एकच, अणू म्हणजे काय आणि रेणू म्हणजे काय ते ठरवा. केकुले म्हणाला, रेणूही दोन तऱ्हेचे मानावे लागतील, एक रसायनशास्त्राचा आणि एक भौतिकशास्त्राचा. त्यावर जेनोआहून आलेला एक चौतीस वर्षांचा प्राध्यापक उभा राहिला आणि म्हणाला, असा भेद करायचं काही कारण नाही. रेणू एकच.

हा स्टॅनिस्लाओ कॅनिझारो. सिसिलीतल्या पालेर्मोचा. १८४८च्या क्रांतीत तोफखान्याचा अधिकारी म्हणून लढला. क्रांती मोडली तेव्हा मार्सेलला पळाला, मग पॅरिसच्या प्रयोगशाळेत रमला, आणि पुढे इटलीत परतून शिकवू लागला. तो कार्ल्सरूहेत अणूंवर बोलत होता तेव्हा त्याची सिसिली गॅरिबाल्डीच्या हाती आलेली होती, आणि परिषद संपल्यावर दोनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, गॅरिबाल्डी नेपल्समध्ये शिरला.

कॅनिझारोकडे नवा प्रयोग नव्हता. त्याच्याकडे होत्या वर्गात शिकवायच्या टिपणी. १८५८ साली त्यानं पिसा इथल्या एका प्राध्यापक मित्राला लांबलचक पत्र लिहिलं होतं, की मी मुलांना रसायनशास्त्र अमुक क्रमानं शिकवतो. पहिल्या पाठात अ‍ॅव्होगॅड्रो, अँपिअर, बर्झेलियस, द्युमा यांचा इतिहास सांगतो, कोण कुठे अडखळलं ते दाखवतो, आणि मग हिशेब मांडतो. ते पत्र छापलं गेलं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो तो हा कागद. विद्यार्थ्यांपुढे उभं राहायचं आणि ‘पुस्तकात आहे म्हणून’ म्हणायचं नाही, एवढ्याच हट्टातून तो लिहिला गेला आहे.

त्याची रीत किराणा दुकानातली आहे. समजा, दुकानात चहा सीलबंद पुड्यांतच येतो, पण पुडी केवढी ते तुम्हाला ठाऊक नाही. गिऱ्हाइकांच्या पिशव्यांतला चहा तुम्ही तोलत बसलात. कुणाकडे २५० ग्रॅम, कुणाकडे ५००, कुणाकडे ७५०. शंभर पिशव्या तोलल्या, पण सव्वाशे ग्रॅम कधी सापडलं नाही. मग पुडी अडीचशेची. कॅनिझारोनं हायड्रोजनच्या रेणूचं वजन दोन धरलं, आणि वायूंची घनता मोजून इतर रेणूंची वजनं काढली. प्रत्येक रेणूत ऑक्सिजन किती ते पाहिलं. पाण्याच्या १८ मध्ये १६. कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १६. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये ३२. खुद्द ऑक्सिजन वायूत ३२. आठ कुठेच नाही. मग ऑक्सिजनची पुडी सोळाची. आणि पाण्याच्या अठरातून सोळा गेले की उरतात दोन, म्हणजे हायड्रोजनच्या दोन पुड्या. माझ्या नववीतल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. त्याला दहा मिनिटं पुरतात.

कार्ल्सरूहेत मात्र काही ठरलं नाही. शेवटच्या दिवशी अध्यक्षस्थानी द्युमा होता. शास्त्रीय प्रश्नाचा निकाल हात वर करून लावता येत नाही, असं म्हणून लोक पांगले. आणि ते म्हणणं चूक नव्हतं. लोक निघत असताना पाव्हियाचा आंजेलो पावेसी कॅनिझारोच्या त्या पत्राच्या छापील प्रती वाटत होता. अशी परिषदेत वाटलेली पुस्तिका आपण खिशात घालतो आणि पुढे रद्दीत देतो. लोथार मायर या तरुण जर्मन प्राध्यापकानं ती परतीच्या वाटेवर वाचली, घरी पुन्हा पुन्हा वाचली, आणि डोळ्यांवरची झापड गळून पडल्यासारखं वाटलं, असं पुढे लिहून ठेवलं. सभेत आणखी एक सव्वीस वर्षांचा रशियन बसला होता, दिमित्री मेंडेलीव्ह. हायडेलबर्गला शिकायला आलेला. त्यानं परिषदेचा वृत्तान्त आपल्या गुरूंना पत्रानं कळवला. अणुभार एकदा नक्की झाले की ते चढत्या क्रमानं लावून पाहता येतात. दोघांनीही ते केलं. मेंडेलीव्हची आवर्तसारणी १८६९ साली आली, तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. त्यानं काही घरं मोकळी सोडली आणि तिथे येणाऱ्यांची नावं संस्कृतातला ‘एक’ हा शब्द लावून ठेवली: एका-अ‍ॅल्युमिनियम, एका-सिलिकॉन. १८७५ साली गॅलियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडलं आणि ती घरं भरली. ऑक्सिजन आठाचाच राहिला असता तर ही मांडणी कशी लागली असती?

अ‍ॅव्होगॅड्रोच्या नावाची जी प्रचंड संख्या पाठ्यपुस्तकात येते ती त्यानं कधी काढली नव्हती. हवेतले रेणू किती असतील याचा पहिला अंदाज १८६५ साली व्हिएन्नाच्या लोश्मिटनं केला. संख्येला अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव दिलं ते फ्रान्सच्या पेरँनं, १९०९ साली. २० मे २०१९ पासून ती संख्या व्याख्येनंच पक्की केली आहे. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे साधारण चार चमचे. त्यात पाण्याचे जवळजवळ सहावर तेवीस शून्यं इतके रेणू असतात.

हे सगळं मी मुलीला दोन रात्रींत सांगितलं. तिनं चपलांच्या खोक्यांची चित्रं वहीत काढली, तांबड्या आणि काळ्या पेन्सिलीनं. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, ‘‘मिठाचा रेणू केवढा असतो?’’ मी म्हणालो, सोडियमचा एक अणू, क्लोरीनचा एक अणू. पण या वेळी माझी मलाच खात्री वाटेना. दुसऱ्या दिवशी तिच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘मिठाच्या खड्यात सुटा रेणू नसतोच. सोडियम आणि क्लोरीनचे विद्युतभारित कण आडवे-उभे, ओळीनं मांडलेले असतात. कोणता कुणाचा जोडीदार ते सांगता येत नाही. ब्रॅग पिता-पुत्रांनी १९१३ साली क्ष-किरणांनी ते दाखवलं.’’ मुलीनं वहीतलं मिठाचं खोकं खोडलं आणि त्या जागी चौकटी आखायला घेतल्या.